गाडीचं डोकं ठिकाणावर आहे ना?

'मॅडम, ईसीएम गेलाय,' असं सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकलं की पन्नास-साठ हजारांना कात्री लागणार हे ठरलेलं. पण तो खरंच गेलाय, हे कोणी तपासलं का?

पूर्वी गाडीला दोनच आजार व्हायचे. एक, 'कचरा आला' आणि दुसरा, 'करंट येत नाही'. पहिल्यासाठी कार्बोरेटर उघडून जेट फुंकायचा, दुसऱ्यासाठी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बनियनवरचे काका हे दोन्ही इलाज फुकटात करून द्यायचे. वर सल्ला, 'सकाळी चोक जरा जास्त ओढत जा!'

आता त्याच पार्किंगमध्ये गाडी बंद पडली की काका बॉनेट उघडतात, आत बघतात आणि बॉनेट पुन्हा लावून टाकतात. त्यांचाही काही दोष नाही. २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला आणि गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय'ची चकचकीत अक्षरं आली. आठवतंय? त्या अक्षरांबरोबर बॉनेटखाली एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा आला. जाडजूड पॉकेटबुकाएवढा, एका बाजूला शेकडो वायरींचं सॉकेट. कोणी त्याला ईसीयू म्हणतं, कोणी ईसीएम. गॅरेजमध्ये नुसतं 'कॉम्प्युटर'. इंजिनाचा सगळा कारभार तिथून चालतो.

कारभार म्हणजे किती, ते बघा. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर सेकंदाला १०० वेळा पेट्रोलचा भडका उडतो. त्या प्रत्येक भडक्याआधी हवा किती आली, इंजिन किती तापलंय, क्रँकशाफ्ट नेमका कुठे आहे, तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबलाय, हे सगळं हा डबा विचारून घेतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. तुम्ही एफएम ऐकत सिग्नलला उभे असता तेव्हाही. आणि हे फक्त कारवाल्यांपुरतं नाही हं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक स्कूटरच्या पोटातही असाच एक छोटा डबा आहे.

थंड झाली की शहाणी

माझी गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. वॉरंटी कधीच संपलेली. मी हिंजवडीत काम करते आणि आठवड्यातले तीन दिवस अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे घरी निघायला रात्रीचे अकरा. मार्चमधल्या एका रात्री बायपासवर, बावधनच्या थोडं अलीकडे, गाडी चालता चालता बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही. सीलिंग फॅनचं बटण बंद करावं तशी. स्टीअरिंग जड झालं, ब्रेक दगड झाला आणि मागून ट्रक.

डाव्या बाजूला कशीबशी घेतली. स्टार्टर फिरत होता, इंजिन घेत नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली तर जणू काही झालंच नाही अशी चालू!

दुसऱ्यांदा हेच झालं तेव्हा आई शेजारी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले, डोळ्यावर काळा चष्मा. चांदणी चौकाच्या उतारावर भर दुपारी. त्यानंतर आईने जाहीर केलं की ती रिक्षानेच जाईल आणि मीही रात्री त्या गाडीतून येणार असेन तर ती जागी राहील. ती खरोखरच जागी राहायची. दीड वाजता दार उघडावं तर सोफ्यावर बसलेली, टीव्ही म्यूट.

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. कुठल्या कंपनीच्या ते राहू द्या, कारण ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांना वाटलं मी त्यांच्याच कंपनीबद्दल बोलतेय. स्कॅनर लावला, 'पी ०३३५' हा कोड आला. म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सेन्सर बदलला. २,८०० रुपये. नऊ दिवसांनी गाडी पुन्हा बंद. मग फ्युएल पंप बदलला. ९,५०० रुपये. पाच दिवसांनी पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ॲडव्हायझरने कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, प्रिंट काढली आणि पेन टेकवलं: ईसीएम, कोडिंग आणि लेबर धरून ६२,४०० रुपये.

'हा बदलल्यावर नक्की ठीक होईल?'

'शक्यता आहे मॅडम. टाकून बघू.'

'आणि नाही झाली तर?'

'तर मग वायरिंग हार्नेस बघावं लागेल.'

'मग हा ईसीएम परत घेणार?'

'नाही मॅडम, इलेक्ट्रॉनिक पार्ट रिटर्न नसतो.'

शेवटी त्याने अगदी सौजन्याने विचारलं, 'साहेबांशी एकदा बोलून घेता का?' साहेब नाहीयेत, मीच आहे, असं सांगून मी गाडी घेऊन निघाले.

आता हिशोब करा. माझ्या गाडीला बाजारात फार तर अडीच लाख आले असते. त्यातला चौथा हिस्सा 'टाकून बघू'वर घालायचा? डॉक्टरने एक्स-रे न काढता 'हाड बदलून बघू' म्हटलं तर आपण त्याला काय म्हणू?

कोड म्हणजे निकाल नव्हे

ऑफिसमधल्या एका मित्राच्या काकांनी नाना पेठेतला पत्ता दिला. नाना पेठ म्हणजे पुण्यातला स्पेअर पार्टचा बाजार. बेअरिंगपासून बंपरपर्यंत सगळं मिळतं, फक्त पार्किंग मिळत नाही. तिथल्या एका बोळात दोन गाड्या जेमतेम मावतील असं गॅरेज, आत टेबलावर एक ऑसिलोस्कोप, एक जुना लॅपटॉप आणि गणपतीचा फोटो. ऑटो इलेक्ट्रिशियन पन्नाशीचे, सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात. इथे मी मॅडमची 'ताई' झाले.

मेस्त्रींनी पहिल्यांदा काय केलं? काहीच नाही. मला स्टुलावर बसवून दहा मिनिटं प्रश्न विचारले. बंद पडते तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे जातात की राहतात? आरपीएमचा काटा हळूहळू खाली येतो की एकदम? एसी चालू होता? पावसात कधी झालंय? आधी कुठे ठोकली होती का? एक वर्षापूर्वी पुढचा बंपर आणि त्यामागची पट्टी त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये बदलली होती, ते मी सांगितलं. 'हं,' एवढंच म्हणाले आणि वहीत लिहिलं.

मग कोडबद्दल. मला वाटायचं स्कॅनर म्हणजे एमआरआय. मशीन लावलं की रोग कळला. मेस्त्रींचं म्हणणं वेगळं. 'ताई, कोड हा तक्रारअर्ज असतो. तक्रार कोणाविरुद्ध आहे ते कळतं. गुन्हा कोणी केला ते नाही कळत.' पी ०३३५ चा अर्थ एवढाच की ईसीएमला क्रँक सेन्सरचा सिग्नल नीट मिळाला नाही. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, कनेक्टरमध्ये पाणी असेल किंवा ऐकणाराच बहिरा झाला असेल. काही कोड थेट ईसीएमकडेच बोट दाखवतात, जसे पी ०६०१ म्हणजे आतल्या मेमरीत घोळ, पी ०६०६ म्हणजे प्रोसेसरमध्ये. यांपैकी एकही माझ्या गाडीत आलेला नव्हता. तरी एस्टिमेटवर ईसीएम!

त्यांनी पहिली बॅटरी मोजली. हे वाचून हसू नका. बॅटरी कमजोर असेल तर हा डबा वेड्यासारखे कोड फेकतो. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली जायला नको, इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. आमची पास झाली.

त्यानंतर ते ज्याच्यासाठी थांबले होते, ते झालं. एप्रिलची दुपार, बोळात फिरवून आणलेली गाडी दारातच बंद पडली. मेस्त्रींचा चेहरा खुलला. (गिऱ्हाईकाची गाडी बंद पडल्यावर खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.) 'आता कोणी हात लावू नका.'

किल्ली ऑन केली. एरवी ऑन केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर पेटतो आणि मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद 'उंऽऽ' असा आवाज येतो. दोन्ही नाही. स्कॅनर लावला. एबीएसने उत्तर दिलं, एअरबॅगने दिलं, ईसीएम गप्प. म्हणजे गाडीतली बाकीची मंडळी जागी आहेत, साहेबच बेशुद्ध.

बेशुद्ध की उपाशी?

इथे बरेच जण 'मग ईसीएमच गेला' म्हणून मोकळे होतात. मेस्त्रींच्या मते खरी परीक्षा इथून पुढे. डबा खराब झालाय की त्याला वीजच मिळत नाहीये? दोन्हीत बाहेरून एकच दिसतं. फ्यूज, मेन रिले, बॅटरीकडून येणारी वायर आणि बॉडीला जोडलेले अर्थ, यांतलं काहीही सैल झालं तरी डबा मेल्यासारखा पडून राहतो. दुरुस्ती शंभर रुपयांची, बिल साठ हजारांचं.

आणि ही तपासणी मीटरने करायची नाही, बल्बने करायची! हे मला फार आवडलं. वायरमधल्या तीस तारांपैकी एकच शाबूत असेल तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः काही खात नाही. पण त्याच वायरीवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला, तर तो मिणमिणतो आणि भांडं फुटतं. मेस्त्रींनी सॉकेटमागून सप्लायच्या आणि अर्थच्या पिनांवर बल्ब लावला. लख्ख पेटला. फ्यूज, रिले, अर्थ, सगळे निर्दोष.

अजून एक संशयित होता. ईसीएम बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्टचा सप्लाय देतो. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर तो पाच व्होल्ट गिळून टाकतो आणि कित्येक गाड्यांत डबाच बसतो. म्हणून एकेका सेन्सरचं कनेक्टर काढून बघायचं, कोणाला काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात ते. थ्रॉटल काढला, मॅप सेन्सर काढला, एसीचा प्रेशर सेन्सर काढला. मीटरवर शून्यच. खायला कोणी नाही, वाढणाराच वाढत नाहीये.

एवढ्यावर मी तरी खात्री धरली असती. मेस्त्री म्हणाले, 'उद्या सकाळी या. आणि येताना केसांचा ड्रायर आणा.'

मी आणला. सकाळी इंजिन गार असताना त्यांनी ईसीएम ब्रॅकेटमधून सोडवून, वायरी जोडलेल्याच ठेवून, बाजूला घेतला. गाडी चालू केली आणि माझा गुलाबी ड्रायर मध्यम आचेवर त्या डब्यावर धरला. इंजिन गारच, सेन्सर गार, पंप गार. तापतंय ते फक्त एक. नवव्या मिनिटाला गाडी बंद. बल्ब लावला, लख्ख. स्कॅनर लावला, ईसीएम गप्प. टेबलफॅन पंधरा मिनिटं लावला, गाडी चालू. पुन्हा ड्रायर, पुन्हा बंद. असं तीनदा. मी मोबाइलवर शूट करून ठेवलं. (हा प्रयोग घरी करू नका. चालू इंजिन, मोकळी वायर आणि मेन्सवरचा ड्रायर हे मिश्रण ज्याला कळतं त्यालाच करू द्या.)

म्हणजे ईसीएम खरोखरच गेला होता! सर्व्हिस सेंटरचा अंदाज बरोबर निघाला. पण अंदाज आणि निदान यांत फरक आहे, आणि मधल्या काळात एका चांगल्या सेन्सरला आणि एका चांगल्या पंपाला मी निवृत्त केलं होतं.

या दीड दिवसाचे मेस्त्रींनी १,५०० रुपये घेतले. तेवढ्यात शेजारी उभ्या एका गृहस्थांनी त्यांच्याशी हुज्जत घातली, 'नुसतं चेक करायचे आठशे?' आपल्याकडे हे असंच आहे. डॉक्टरची तपासणी फी आपण निमूट देतो, मेकॅनिकला मात्र पैसे फक्त पार्ट बदलल्याचे. मग त्याने पार्ट बदलले तर नवल काय?

मारलं कोणी?

नवा डबा आणण्याआधी जुना कशाने मेला ते शोधायचं, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो. शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर आतला ड्रायव्हर जाळतात. बिघडलेला अल्टरनेटर जास्त व्होल्टेज सोडतो. जम्प स्टार्ट करताना उलट्या लावलेल्या केबल तर क्षणात काम तमाम करतात. बॅटरी न सोडवता बॉडीवर केलेलं वेल्डिंग, इंजिन चकचकीत करायला मारलेला पाण्याचा प्रेशर, पार्किंगमधले उंदीर (हार्नेस कुरतडायला पुण्यातल्या उंदरांना भयंकर आवडतं), यादी मोठी आहे. आणि पूर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात पुण्यात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. अशा गाडीत पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवायची नाही, बॅटरी सोडवायची आणि टो करायची. कनेक्टरमध्ये राहिलेलं गढूळ पाणी पिनांना महिनोन् महिने खात राहतं. सेकंडहँड गाडी घेताना ईसीएमच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज दिसला तर सौदा तिथेच सोडा.

माझ्या गाडीत यांतलं काहीच नव्हतं. मेस्त्रींनी ब्रॅकेट दाखवलं. चार बोल्टपैकी दोनच होते. उरलेल्या दोन जागी प्लॅस्टिकची टाय बांधलेली. बंपरच्या कामात ब्रॅकेट सोडवलं गेलं आणि परत बसवताना कोणीतरी घाईत आवरलं. वर्षभर डबा इंजिनाबरोबर थरथरत होता. 'त्यानेच टाका तुटला असेल असं छातीठोक नाही सांगत,' मेस्त्री म्हणाले, 'पण बोल्ट असते तर मी त्याच्यावर संशय घेतला नसता.'

तीन वाटा

पहिली वाट, रिपेअर. आतली पाटी काढून तुटलेला टाका पुन्हा मारायचा. सात-आठ हजार. अडचण अशी की हे डबे सीलबंद असतात, पुष्कळांत आत जेलीसारखा थर ओतलेला असतो, आणि एकदा उघडल्यावर ते सील पहिल्यासारखं राहीलच असं नाही. बॉनेटखाली बसणाऱ्या डब्याला हे परवडत नाही.

दुसरी, जुना डबा. मुंबईत कुर्ल्याला किंवा असल्याच बाजारात मोडीत निघालेल्या गाडीचा मिळतो. साधारण अठरा हजारांत काम होतं म्हणाले. पण नुसतं मॉडेल सारखं असून चालत नाही. डब्यावरचा पार्ट नंबर अन् सॉफ्टवेअरचा नंबर, दोन्ही जुळावे लागतात. शिवाय इमोबिलायझर! आपल्या किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. किल्ली, इमोबिलायझर आणि ईसीएम यांच्यात एक गुपित ठरलेलं असतं, ते जुळलं तरच इंजिन चालू होतं. जुना डबा दुसऱ्या कोणाची तरी किल्ली ओळखतो. म्हणून आपल्या डब्यातल्या मेमरीची नक्कल त्यात उतरवावी लागते. हे काम करणारे कारागीर आहेत, चांगले आहेत. मात्र ज्याला ही कला येते त्याला तुमच्या गाडीची नवी किल्लीही बनवता येते, एवढं लक्षात ठेवून माणूस निवडा.

तिसरी, नवा. हा कोरा येतो. गाडीच्या चॅसिस नंबरवरून ऑर्डर करायचा, मग कंपनीच्या सर्व्हरला जोडून त्यात सॉफ्टवेअर भरायचं आणि किल्ल्या शिकवायच्या. माझ्या गाडीसाठी ते फक्त अधिकृत सेंटरलाच करता येत होतं. मेस्त्रींकडे स्कॅनर होता, हात होता, अक्कल होती. पासवर्ड नव्हता.

हा पासवर्डचा मामला नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि निदानाची साधनं कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, म्हणून. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. नाना पेठेच्या बोळात यातलं अजून फारसं काही पोचलेलं दिसलं नाही.

मी नवा घ्यायचं ठरवलं. दिवसा शहरात फिरवायची गाडी असती तर अठरा हजारांच्या वाटेने गेले असते, त्यात काही कमीपणा नाही. पण रात्री साडेअकराला बायपासवर आणि घरी आई सोफ्यावर, या दोन गोष्टींत मला 'बहुतेक' नको होतं.

इन्शुरन्सला फोन करून वेळ घालवू नका हं. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल ब्रेकडाउन स्टँडर्ड मोटर पॉलिसीतून वगळलेलाच असतो. अपघातात किंवा पुरात गेला असेल तर गोष्ट वेगळी.

काउंटरच्या या बाजूने

पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरला गेले. यावेळी हातात ड्रायरचा व्हिडिओ, टायने बांधलेल्या ब्रॅकेटचा फोटो आणि मेस्त्रींनी वहीच्या कागदावर लिहून दिलेली रीडिंग होती. वर्क्स मॅनेजर बाहेर आले. व्हिडिओ दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी फ्लोअरवरच्या दोन पोरांनाही बोलावलं. भांडण झालं नाही. पंपाचे पैसे परत मिळाले नाहीत, ते लावलेला पार्ट परत घेत नाहीत. पण सेन्सरचे २,८०० वळते केले, लेबर माफ झालं आणि ब्रॅकेट बोल्टसकट नवं, फुकट. बिल ५४,१०० वर आलं.

जॉब कार्डवर मी चार गोष्टी लिहून घेतल्या, तुम्हीही घ्या. कोडिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावायचा, कारण सॉफ्टवेअर भरताना मधेच व्होल्टेज पडलं तर नवाकोरा डबा जागीच वीट होतो. दोन्ही किल्ल्या शिकवायच्या, आणि काम झाल्यावर सिस्टीममध्ये किती किल्ल्या नोंदल्यात तो आकडा स्क्रीनवर दाखवायचा. थ्रॉटलचं लर्निंग करून द्यायचं, नाहीतर पहिले काही दिवस गाडी सिग्नलला धापा टाकते. आणि जुना डबा मला परत. डिझेलवाल्यांनी अजून एक: कॉमन रेल गाडीच्या बहुतेक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, चारही कोड नव्या ईसीएममध्ये भरलेत ना ते विचारा.

पार्ट यायला अकरा दिवस लागले, बसवायला तीन तास. त्यातही डबा बसवायला वीसच मिनिटं. बॅटरीची निगेटिव्ह सोडवली, थोडा वेळ थांबले, सॉकेटची खटकी उघडली, जुना काढला, पिना तपासल्या, नवा बसवला, चार बोल्ट. चारही मी मोजले. बाकीचा वेळ लॅपटॉप आणि इंटरनेटचा.

त्याला आता सात महिने झाले. मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये, एसी फुल, घाटात, कुठेही गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आई पुढच्या सीटवर बसते, पण चांदणी चौकाच्या उतारावर वरचं हँडल अजून धरते.

जुना डबा मेस्त्रींकडे नेऊन दिला होता, त्यांना आत बघायचं होतं. त्यांनी भिंगाखाली दाखवलं. सॉकेटच्या एका पिनेभोवती केसासारखी गोल चीर. थंड असताना टेकलेली, तापलं की सुटणारी. त्यांनी टाका मारला, टेबलावर जोडून बघितला, चालतोय. 'विकायचाय का ताई? गिऱ्हाईक आहे.' त्यात माझ्या किल्ल्यांचा डेटा आहे, म्हणून नाही म्हटलं. 'तो पुसून देतो की,' म्हणाले. तरी सध्या नको म्हटलं, आणि त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.